सासरची फुगडी

वडीगोद्री,
ज्येष्ठ वद्य षष्ठी, शके १८६२

सौ. जयवंता वन्सं यांना चतुराचा सा. न. वि. वि.

नणंद म्हणून नमस्कार केला, आता मैत्रीण म्हणून भांडते. जालन्याच्या शाळेत एका बाकावर बसलो आणि तूच मला अंबडला तुझ्या भावाच्या घरात आणून टाकलंस. विहिरीच्या पायऱ्यांवर पडून माझा घोटा मोडला, तेव्हा सासूबाईंनी पाय बरा होईस्तोवर म्हणून माहेरी धाडलं. आता हाडवैद्य रखमाजींनी पायाला बांधलेल्या कामट्या सोडल्या. हाड बराबर बसलंय म्हणाले. पण अंबडहून ना गाडी येते, ना निरोप. आई बाजेवरून खाली उतरू देत न्हाई. उतरले तर पाय थरथरतो. तिकडं काय चाललंय, खरं ते कळव.

लोभ आहेच, भांडणाने कमी करू नये.
तुझी चतुरा

जालना,
ज्येष्ठ वद्य द्वादशी

सौ. चतुरा वहिनींना स. न. वि. वि.

परवा अंबडला गेल्ते. खरं विचारलंस म्हणून लिहिते, बसून वाच. आई रायभानदादासाठी दुसरी मुलगी बघून राह्यली. लंगड्या सुनेकडून रानातलं काम होणार न्हाई म्हणते. दादा हो म्हणत न्हाई आणि न्हाईही म्हणत न्हाई, खाली मान घालून जेवतो. मला असा राग आला, की त्याच्या वरणात मूठभर तिखट टाकलं.

रडत बसू नकोस. शाळेत फुगडीला तुझ्यासमोर कोण टिकायचं? पाय तोच आहे. नागपंचमीला मी अंबडला येते, तूही ये. आईसमोर अंगणात दोघी फुगडी घालू, मंग बघू लंगडी कोण म्हणतं ते.

माया पातळ होऊ देऊ नये.
जयवंता

वडीगोद्री,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय वन्सं, सा. न. वि. वि.

दोन दिवस रडले, मग उठले. गोठ्यातला खांब धरून फुगडीचा सराव केला. पायाची बोटं खांबाच्या बुडाशी लावायची, हात ताणायचे आणि मागे रेलायचं. झकास जमलं. मग फुशारून भावजय द्वारकाबाईंचे हात धरले, तर पहिल्याच गिरकीत दोघी शेणात! खांब हलत न्हाई, माणूस हलतं, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

तेव्हापासून काहीच धरत न्हाई. दुखऱ्या पायावर एकटी उभी राहते. खाली बघितलं की तोल जातो, समोर लिंबाकडे नजर लावली की राहतो. गुडघा जरा सैल ठेवायचा, बोटांनी भुई धरायची, भार नुसत्या टाचेवर द्यायचा न्हाई. ज्वारी पाखडतानाही त्याच पायावर. आई म्हणते येड लागलं. चालताना पाय अजून जरासा दबतो, दबू दे. पंचमीला सगळ्या लेकी माहेरी येतील, मी सासरी निघते. तू मात्र नक्की ये.

आहे ती ओढ अशीच ठेवावी.
चतुरा

जालना,
श्रावण शुद्ध प्रतिपदा

सौ. वहिनींना स. न. वि. वि.

जल्दीत लिहिते. माझ्या सासूबाई तापाने फणफणल्या आहेत, मला निघता येत न्हाई. तुझा हात धरायला मी नसणार. फार वाईट वाटतं. पाहिजे तर पोळ्यापर्यंत थांब, तेव्हा दोघी मिळून जाऊ.

रागावलीस तरी विसरू नकोस.
जयवंता

अंबड,
श्रावण शुद्ध सप्तमी

सौ. जयवंता वन्सं यांना सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा बैल जुंपलेले होते. मी खाली उतरले न्हाई. गाडी अंबडच्या वेशीत उभी केली, पेटी तिथंच ठेवली आणि घरापर्यंत चालत आले.

अंगणात बाया फुगड्या घालत होत्या. सासूबाईंनी आधी पायच बघितला आणि दबतोय की, म्हणाल्या. मी सांगितलं, की दबतो, पण उभा राहतो, पेटी वेशीतच ठेवून आलेय, आता हात द्या. एवढ्या बायांसमोर त्यांना मागं सरता येईना. पदर खोचून आल्या. अंगानं भारी बाई, पण काय फिरतात! फिरता फिरता त्यांना घेरी आली, हात सुटायला लागले. मी सोडले न्हाईत. मोडलेला पाय रोवला, दोघींचा भार त्याच्यावर घेतला आणि त्यांना ओट्यावर टेकवलं. दुखला फार, खोटं कशाला सांगू? पण हलला न्हाई.

त्या बराच वेळ दम खात बसल्या. मग त्यांनी तुझ्या दादाला हाक मारली आणि वेशीतनं हिची पेटी आण म्हणाल्या. तो लगोलग गेला. त्याच्याशी माझं भांडण बाकी आहे. ते आता मी इथं राहून, फुरसतीनं करीन.

तुझ्या सासूबाईंचा ताप उतरला असेलच, त्यांना नमस्कार. तुझा हात पुढल्या पंचमीला धरीन.
तुझी चतुरा