अंगावर काढलेलं

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
चिमीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, शेजारच्या बाईंनी खिडकीही दिली, तेव्हा माझी काळजी नको. काळजी मला तुझी लागली आहे आणि ती फोनवर सांगण्यासारखी नाही. तुझ्याकडचा फोन बैठकीत, फोनशेजारी भाऊजींची खुर्ची, आणि तू प्रत्येक प्रश्नाला हो, ठीक, बरं एवढंच म्हणणार. म्हणून हे पत्र.

ताई, तुझ्याकडे राहिले ती काही नुसतं आयतं खायला नव्हे. दिवसभर चष्म्याच्या काचा घासते मी; बारीक ओरखडा नजरेतून सुटला तर मालक घरी बसवेल. तुझे पाय संध्याकाळी इतके सुजतात की चपलेत नुसती बोटं अडकवून चालतेस. हातांवर कंगवा फिरवून खाजवतेस. पेल्यातलं पाणी अर्धं टाकतेस आणि तरी सारखी मोरीकडे पळतेस, तिथून इतका वेळ बाहेर येत नाहीस की ठमीने दार वाजवलं. खुर्चीत एका बाजूवर कलून बसतेस. मी विचारलं तर म्हणालीस, धुलाईघरात ओल्या चादरी उचलून पाठ धरली आहे. पाठ धरलेलं माणूस असं बसत नाही.

खरं काय ते लिही. लहानपणी वेणी ओढून माझी सगळी गुपितं काढून घ्यायचीस, आता माझा नंबर.

भाऊजींना नमस्कार, ठमीला गालगुच्चा. माझ्यावर जीव असेल तर तो पाकिटात घालून पाठव.

तुझी
चिमी

---

१७ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि फाडलं. हेही तू फाड.

लिहायलासुद्धा हात धजत नाही. माझं अंग बाहेर येतं. ठमी झाली आणि अंगात ताकद यायच्या आत मी चादरी उचलायला लागले, तेव्हापासूनचं आहे. आधी खोकला आला की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं. मग जिना चढताना. आता सकाळी उभी राहिले की येतं आणि दुपारपर्यंत मुठीएवढं होतं. कामावर मोरीत जाऊन हाताने आत सारते, कापडाची घडी घट्ट बांधते आणि पुन्हा जाऊन उभी राहते. ते वर धरल्याशिवाय लघवी उतरत नाही. म्हणून पाणी कमी पिते. त्यात लपवण्यासारखं काय, असं तू म्हणशील. तुला म्हणायला सोपं आहे.

यांना कसं सांगू? हे पाठीला लावायचं मलम आणून देतात. बिचाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून मी ते रोज पाठीला चोळून घेते. घरात मलमाच्या इतक्या रिकाम्या नळ्या साठल्या आहेत की ठमी म्हणते, आई, तू दुकान काढ.

हल्ली तोंडाला चव नाही, जेवण पुढे आलं की मळमळतं. वय झालं, दुसरं काय. तू उगीच धावत येऊ नकोस, तुझी रजा वाया जाईल.

तुझं दर महिन्याचं पोट दुखणं कसं आहे? गरम पाण्याची पिशवी घेत जा. मोठी बहीण म्हणून एवढं ऐक, बाकी काही ऐकू नकोस.

तुझी
ताई

---

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. रविवारी येते आहे. सोमवारी तुला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेणार, मग तू मोरीत दडी मारून बस नाहीतर खाटेखाली. भाऊजींना मी स्वतः सांगेन. माणूस मलम आणतो म्हणजे त्याला काळजी आहे. कुठे दुखतं ते त्याला कुणी सांगितलंच नाही.

वय झालं म्हणे! माझ्याहून चार वर्षांनी मोठी तू. उद्या मलाही म्हातारी म्हणशील.

रागावली असलीस तरी दार उघड.

चिमी

---

३० मार्च

चि. चिमीस,
अ. आ.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. आता ठमी शाळेत आहे, हे औषधं आणायला गेले आहेत, घर रिकामं आहे.

डॉक्टरीणबाईंनी अंग आत बसवून रिंग घातली, तेवढं तू पाहिलंसच. बरणीच्या झाकणाएवढी ती मऊ रिंग. पहिल्या दिवशी मी उभी राहिले, चालले, आणि काहीच खाली आलं नाही. मला रडू आलं. वाटलं, सुटले.

पण रक्ताची तपासणी चांगली येईना. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. किडनीपासून खाली दोन बारीक नळ्या येतात. गर्भपिशवी खाली उतरताना त्या नळ्यांनाही ओढत गेली, त्या मुडपल्या, आणि लघवी आतल्या आत तुंबत राहिली. इतकी वर्षं तुंबून किडन्या फुगल्या आणि झिजल्या. नळ्या मोकळ्या केल्यावर थोडी सुधारणा होईल अशी त्यांना आशा होती म्हणून इतके दिवस वाट पाहिली. ती झाली नाही. आता मशीनवर रक्त धुवावं लागणार, आठवड्यातून तीनदा, कायमचं. त्या मशीनसाठी हाताची शीर जोडून ठेवली आहे. बोट ठेवलं की आत काहीतरी फुरफुरतं.

यांनी विचारलं की आधी आलो असतो तर काय केलं असतं. बाई म्हणाल्या की हेच, ही रिंग. हे बाहेर जाऊन बाकावर बसले. घरी आल्यावर मलमाच्या सगळ्या नळ्या एका पिशवीत भरून टाकून आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

कुणी आपली एक किडनी दिली तर मशीन सुटेल, पण यांना साखर आहे म्हणून यांची चालत नाही. ठमी म्हणाली की मला अठरा पूर्ण झाली की मी देते. मी तिला बजावलं, हा विषय पुन्हा काढलास तर माझ्याशी बोलू नकोस. तिला अजून जग बघायचंय, मुलं व्हायचीत.

धुलाईघरातून नाव कमी झालं. तुझ्या पत्रांनी दिवस सरतात, तेवढं बंद करू नकोस.

तुझी
ताई

---

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रक्तगट जुळला! अजून बऱ्याच तपासण्या आहेत, पण पहिला दरवाजा उघडला. नाही म्हणू नकोस. मी तुझी लेक नाही, मला धमक्या देऊन चालणार नाही. माझं ना लग्न, ना मूल. दोन किडन्या घेऊन मी काय करू?

माझी किडनी तुझ्या पोटात गेली की तुला कारलं पाहून ओकारी येईल आणि गाणं बेसूर होईल, तेवढं सहन कर. दुकानात मालकांना सांगितलं. ते म्हणाले की परत येशील ना, तुझ्यासारख्या काचा कुणी घासत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, तेही मी पोट कापून घ्यायला निघाले तेव्हा.

पाणी मोजूनच पी हं. थोडे दिवस. मग आपण दोघी मिळून घागरभर पिऊ.

तुझीच, आता तर शब्दशः,
चिमी

---

६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार कागद फाडले, हा पाचवा.

मी देऊ शकत नाही. पोटाचा फोटो काढला त्यात दिसलं की माझी डावी किडनी गेलेली आहे. फुगून पातळ झालेली, नुसती पाण्याची पिशवी. मला कधी कळलंच नाही. तिथे एकदाही दुखलं नाही.

ते दर महिन्याचं दुखणं होतं ना, ज्यात मी दाराला पाठ लावून बसायचे आणि आई म्हणायची की सगळ्याच बायकांना होतं, ते तसं नव्हतं. गर्भपिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढत होतं. वाढता वाढता त्याने डाव्या नळीला विळखा घातला, आणि आता उजवीच्या जवळ पोचलं आहे. डॉक्टर म्हणाले की लवकर ऑपरेशन केलं तर उजवी वाचेल. मी त्यांना विचारलं की उजवी तिला देता येईल का. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

ताई, मी इतक्या थाटात पुढे आले होते. आता तुला तोंड कसं दाखवू? ऑपरेशन पुढे ढकलते आणि आधी तुझ्याकडे येते. दुसरं कुणी मिळतं का बघू या.

चिमी

---

१४ मे

चि. चिमीस,
अ. आ.

येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही.

माझं खरं सांगते. हाताची शीर बंद पडली, पुन्हा केली, तीही बंद पडली. आता मानेत नळी आहे आणि तिच्यामुळे ताप येतो. परक्याच्या किडनीसाठी नाव घातलं आहे; तिथली बाई चांगली आहे, पण किती थांबावं लागेल विचारलं की कागद चाळायला लागते. मशीनवर शेजारच्या खाटेवर एक मास्तरीणबाई असायच्या, कोडी घालायच्या. सोमवारी त्यांच्या खाटेवर दुसरं कुणी होतं.

तू मला किडनी देऊ शकली नाहीस म्हणून मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. मग डोक्यात आलं की तू माझ्यासाठी तपासून घ्यायला गेली नसतीस तर तुझी दुसरीही गेली असती. मग उठून बसले आणि चहा मागितला.

दोघींनी आपापलं दुखणं अंगावर काढलं. माझं झालं ते झालं. तुझी एक आहे, ती सांभाळ. ऑपरेशनची तारीख घे आणि मला कळव, आणि त्या तारखेला तिथेच जा, इकडे नाही. मी जन्मात तुला हुकूम करायचं सोडलं नाही, आता सोडेन असं वाटलं का?

ठमीला दुखलं की ती मला सांगते हल्ली. सगळं सांगते, अगदी लाज वाटेल इतकं.

तुझ्यावरचा जीव पत्रात मावत नाही, समजून घे.

तुझी
ताई

---

१९ जून

ती. मावशीस,
सा. न.

तुझे टाके निघाले आणि तू जिना चढू लागलीस असं कळलं, म्हणून आता लिहिते. बाबांनी फोनवर तुला सांगितलंच. तू ऑपरेशननंतर शुद्धीवर येत होतीस तेव्हा आई गेली. ताप रक्तात पसरला होता. तुला कळवायचं नाही असं तिनेच सांगून ठेवलं होतं, आमच्यावर रागावू नकोस. त्या दिवशी सकाळी तिने तीनदा विचारलं की चिमी आत गेली का. गेली म्हटल्यावर डोळे मिटून पडून राहिली.

बाबा संध्याकाळी मशीनच्या दवाखान्याकडे चालत जातात आणि परत येतात. आत जात नाहीत.

काल धुलाईघरातल्या बायका भेटायला आल्या होत्या. सगळ्या निघाल्यावर त्यांच्यातल्या एक स्वयंपाकघरात माझ्यामागे आल्या. आईच्या वयाच्या असतील. हळूच विचारलं की तुझ्या आईला नेमकं काय झालं होतं. मी सांगितलं. काही झाकलं नाही, मुडपलेल्या नळ्यांचं चित्रही काढून दाखवलं. त्या चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की मलाही आहे, बरीच वर्षं. मी म्हटलं की उद्याच चला, मी सोबत येते, नुसती एक रिंग असते. त्या म्हणाल्या की उद्या हॉटेलच्या चादरी यायच्या आहेत आणि आई गेल्यापासून माणूस कमी आहे. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, चित्राचा कागद ओट्यावरच राहू दिला, आणि ओट्याला धरून, जरा वाकून, सावकाश निघून गेल्या.

मावशी, बाकीच्या बसल्या तरी त्या बाई मात्र खुर्चीत बसल्याच नव्हत्या.

तुझी
ठमी