झेपेल अशी फटफटी

सोलापूर,
ता. १९ जानेवारी १९३४

तीर्थस्वरूप वेणूदादास,

मालतीचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत. वहिनींचा हलवा पोचला. काटा छान उठला होता, शेजारच्या सुंदरम्मांना दिला तर त्यांनी कृती विचारली. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी अजून ओसरलेली नाही.

ही झाली खुशाली. आता रागाचं लिहिते.

काल स्टेशनावरून हमालांनी मोठा लाकडी खोका आणला. फोडला तर आत तुझी लाल अमेरिकन फटफटी, दोन सिलिंडरची, माजलेल्या रेड्यासारखी. सोबत चिठ्ठी, "कमलाकररावांना दिवाळसणाची राहिलेली भेट. सबंध जिल्ह्यात अशी दुसरी दिसायची नाही." दादा, ही तुला कोणी मागितली होती?

यांना फटफटी कशासाठी हवी होती, ते तुला ठाऊक आहे. जिल्हा बोर्डाच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागल्यापासून अर्धा महिना यांचा खेड्यांत जातो. सर्व्हिस मोटारीनं मोठ्या गावापर्यंत, पुढं मिळेल त्या छकड्यातून. पोचेपर्यंत बुळकांड्याच्या साथीनं निम्मी गुरं नेलेली असतात. तिथून घरी आले की जेवणावर वासना नसते यांची. म्हणून फटफटी. पण सायकलीपलीकडं आयुष्यात काही चालवलेलं नाही, हे स्वतः ओळखून होते. आजारी बैलाला हात लावायच्या आधी हे किती वेळ नुसते बघत उभे राहतात! तशीच यांनी गाडी शोधली. रेल्वे लाइनीतल्या एका गोऱ्या गार्डाची अडीच घोड्यांच्या ताकदीची गाडी विकायची होती. हे तिच्यावर बसले, दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकतात की नाही ते पाहिलं. ब्रेक दाबून पाहिले. मग भर रस्त्यात ती आडवी पाडली आणि एकट्यानं उचलून उभी केली. पोरं टाळ्या पिटायला लागली. यांनी शांतपणे दुसऱ्या अंगावर पाडली, पुन्हा उचलली. घरी येऊन मला म्हणाले, "आपली गाडी आपल्याला उचलता आली पाहिजे. माळावर कोण येणार आहे?"

आणि तू नाताळच्या सुटीत आलास. जिलबी खाता खाता, यांच्या दोन स्नेह्यांच्या देखत म्हणालास, "कमलाकरराव, ती काय फटफटी आहे? शिवणाचं मशीन आहे ते! बायकांना द्यावी." सगळे हसले. हेही हसले. मी आतून पाहत होते. हसताना यांचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन यांनी गार्डाला नकार कळवला.

आता हे धूड ओसरीत उभं आहे. किक मारायला अंगाचं सगळं वजन टाकावं लागतं. क्लच पायानं, गिअर हातानं. परत पाठवा म्हटलं तर हे म्हणतात, "तुझ्या भावानं मानानं दिली आहे, त्यांना काय वाटेल?" माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. तू मोटारींच्या कंपनीत आहेस, पाच वर्षं स्वतः गाडी चालवतोस. म्हणून विनवते. एक ओळ लिही. "ही परत करा, पहिल्यांदा शिकायला धाकटी पाठवतो," एवढंच. कमीपणा न वाटता ऐकतील.

वहिनींना नमस्कार, बाळाला गोड पापा. उत्तराची वाट पाहते. राग खरा आहे, पण तुझ्या एका ओळीनं जाईल असा आहे.

तुझी,
माली


सोलापूर,
ता. ११ ऑक्टोबर १९३४

वेणूदादास नमस्कार.

पत्र मिळालं. दिवाळीला वहिनींना घेऊन येतोस हे समजलं. गाडीचं काय काय वाकलं आहे ते नीट बघतो, सुटे भाग बरोबर आणतो, असंही लिहिलं आहेस.

सुटे भाग आणू नकोस. गाडी काल मालगाडीत चढवली. दिवाळीच्या आत तुझ्या ऑफिसच्या दारात येईल. जे वाकलं आहे ते तुला तिथंच बघता येईल.

जानेवारीत मी एक ओळ मागितली होती. तू दोन ओळी लिहिल्यास, आणि त्या मला नव्हे, यांना. "मालती घाबरट आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. पुरुषानं पुरुषाची गाडी चालवावी, दोन महिन्यांत हात बसेल." यांनी पत्र वाचून घडी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पार्कच्या मैदानावर नेली. रोज जात. परत येताना धोतराला माती असे. मी विचारलं की म्हणत, "वळताना थोडी कलली." कलली की उचलायला दोन माणसं लागत. मैदानावर ती मिळत होती.

एप्रिलमध्ये मोडनिंबहून निरोप आला की मायाप्पा धनगराच्या कळपात मेंढ्यांना देवी आल्या आहेत. तिथवर हे सर्व्हिस मोटारीनं जाऊ शकले असते. "आज गाडीच घेऊन जातो, निदान दिलेल्या माणसाला लिहिता तरी येईल," म्हणाले. दादा, हे यांचे शब्द आहेत. तुला पत्रात लिहिता यावं म्हणून हे गेले.

शेटफळच्या पुढं रस्त्यावर नवी खडी टाकलेली होती. समोरून मेंढरं आडवी आली. यांनी ब्रेक दाबला, चाक खडीवर सरकलं, आणि गाडी डावीकडं कलली. पाय टेकायचा तर डावा पाय क्लचवर. तो सोडवून टेकेपर्यंत गाडी अंगावर होती. रस्त्याकडेच्या चारीत हे खाली, आणि यांच्या पायावर ते सगळं लोखंड.

पुढचं मला तानाबाईनं सांगितलं. मायाप्पाची बायको ती, मेंढरं तिचीच होती. सिव्हिलच्या व्हरांड्यात माझ्याजवळ बसून सांगत होती.

"बाई, डाक्तर वरडले न्हाईत बगा. म्हनले, तानाबाई, मेंढरं बाजूला घ्या. स्वोताचा पाय चेंगारलेला, अन् मेंढरांची काळजी! म्या अन् मालकांनी लई जोर लावला. हलंना की! लोकंड न्हवं, डोंगरच त्यो. डाक्तर बी हातानं ढकलत हुते. मग म्या रस्त्याला पळाले. कुटं मानूस दिसंना. लई येळानं येक छकडा आला, त्यातली गडीमानसं उतरली तवा कुटं निगाली."

दोघं राबती, मेंढरं खांद्यावर उचलणारी माणसं आणि तिसरे हे. चारीत तिघांच्यानंही तुझी भेट हलली नाही.

छकड्यातून मोहोळला, तिथून कुणाच्या तरी मोटारीतून सोलापूरला आणलं. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली. पंधरवड्यानं पाय काळा पडत वर चढायला लागला. तेव्हा त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, पाय हवा की माणूस. मी म्हटलं, माणूस.

डावा पाय गुडघ्याखाली कापला आहे. आता लिहिलं एकदाचं. इतके महिने तुला जी कार्डं टाकली, त्यांत "पायाला लागलं आहे, सुधारणा आहे" एवढंच असे. यांनी मला तसं वचनात बांधलं होतं. शुद्धीवर आल्यावर यांचं पहिलं बोलणं काय असावं? "वेणीमाधवांना कळवू नकोस. त्यांनी प्रेमानं दिली होती. जन्मभर मनाला लावून घेतील." मी पांघरूण सारखं करत होते. मला इतका संताप आला की हात थांबेना, सारखं केलेलंच पुन्हा सारखं करत राहिले.

आणि माझ्या पहिल्या कार्डाला तुझं उत्तर काय आलं? "पहिल्या वर्षी सगळेच पडतात, मीही पडलो होतो. पुढच्या चाकाचा काटा सरळ करून घ्या, नाही तर गाडी एका अंगाला ओढेल." दादा, पायाला लागलं आहे असं बहीण कळवते, आणि तू काट्याचं लिहितोस! मेलमध्ये संध्याकाळी बसलास तर सकाळी सोलापूर. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तू आला नाहीस. कधी विक्रीचा हंगाम, कधी साहेब आजारी. मी काही सांगितलं नाही हे खरं, पण तू विचारलं तरी होतंस का?

जूनमध्ये बोर्डातले अण्णाराव घरी आले. चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी चहाची कपबशी तोंडाला न लावताच खाली ठेवली. मग म्हणाले, "डॉक्टर, दिवाळीपर्यंत रजा मी ओढून धरतो. पण पुढं तालुका फिरणार कसा? दवाखान्यात बसायला एक, फिरायला एक, असे दोन डॉक्टर बोर्ड कुठून ठेवणार?" ते गेल्यावर हे भिंतीकडं तोंड करून निजले. या माणसाला मी असा पडलेला कधी पाहिला नव्हता. दोन दिवस हे अंथरुणातून उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "डब्याची फटफटी असते ना, बाजूला बसायला डबा असलेली? तीन चाकांची. ती आडवी पडत नाही. तुम्ही डब्यात बसा."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

हे हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. कुबड्या घेऊन उठले आणि म्हणाले, "हात दाखव." माझ्या पंजात आपली बोटं देऊन म्हणाले, "आवळ." मी सगळ्या ताकदीनं आवळलं. "क्लच दाबता येईल," म्हणाले.

गाडी आम्ही दोघांनी शोधली. घाई केली नाही. मिलमधल्या एका साहेबाची साडेतीन घोड्यांची, एका सिलिंडरची, जुनी पण सांभाळलेली गाडी मिळाली. क्लच हातानं. किक मला मारता येते की नाही, ते एकदा नव्हे, गाडी थंड असताना आणि तापलेली असताना, दोन्ही वेळा बघितलं. पळवून ब्रेक दाबला. जोरात पळते का हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. साहेबालाच आश्चर्य वाटलं. पैसे यांनी पहिल्या गाडीसाठी साठवलेले तसेच होते.

होम मैदानावर मी शिकले. हे स्टुलावर बसून ओरडत, "डावीकडं ओढेल, हँडल धरून ठेव! वळायच्या आधी हळू, वळताना नाही!" रिकामा डबा डाव्या वळणावर उचलला जातो, म्हणून त्यात ज्वारीचं पोतं ठेवलं होतं. मैदानाच्या कडेला ही गर्दी! कुणी शिट्ट्या वाजवल्या, कुणी समोरच्या देवळाकडं बघून हात जोडले. एक म्हातारे गृहस्थ तर यांच्याजवळ येऊन म्हणाले, "अहो, बायकोला आवरा." हे म्हणाले, "वळणावर आवरते आहे ती, बघा ना." नऊवारीला कासोटा असतो, दादा. पाय टाकून बसायला काही अडत नाही. परवाना काढायला पोलीस कचेरीत गेलो तर कारकुनानं यांच्याकडं बघूनच दौतीत टाक बुडवला. मी म्हटलं, "नाव माझं लिहा." टाक किती वेळ कागदावर टेकेना.

गेल्या आठवड्यात अण्णारावांना सांगून पहिली फेरी केली, मोडनिंबला. शेटफळच्या पुढं गेलो तेव्हा माझे हात हँडलवर भिजले होते. कळपाजवळ गाडी थांबवली तेव्हा तानाबाई तोंडावर हात घेऊन हसली. "आगं बया! बाई चालवतीया अन् डाक्तर डब्यात व्हय!" मग हे कुबड्या काढून उतरायला लागले आणि तिचं हसू गेलं. "डाक्तर, पाय कुटं वो?"

हे म्हणाले, "तुमच्या रानात ठेवून गेलो होतो. मेंढ्या कशा आहेत?"

ती खाली बसून रडली. यांनी खाली बसूनच एकेक मेंढी जवळ घेऊन तपासली. त्या दिवशी घरी आल्यावर यांनी दोनदा आमटी मागून घेतली. अण्णारावांनी बोर्डाला लिहिलं आहे. नोकरी राहील असं दिसतं.

तुझी गाडी परत पाठवते म्हटलं तेव्हा हे म्हणाले, "विकून टाकू, मालती. परत पाठवलीस तर माणूस तुटेल." मी म्हटलं, "तुमचा पाय तुटला." यांना ते आवडलेलं नाही. हे पत्रही आवडणार नाही. म्हणून आज वचन मोडते आहे हे यांना सांगूनच लिहायला बसले. समोरच बसलेत. "थोडं सौम्य लिही," म्हणाले. हे सौम्यच आहे.

तू वाईट नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणी मला खांद्यावरून शाळेत पोचवणारा तू. पण तुझ्या भेटीत आम्ही कुठंच नव्हतो, फक्त तू होतास, आणि जिल्ह्यात अशी दुसरी दिसायची नाही हे होतं. एक माणूस स्वतःला काय झेपतं ते विचार करून ठरवत होता. त्याच्या शहाणपणाला तू चारचौघांत बायकी म्हटलंस. मला राग आहे तो त्याचा. गाडीचा नाही. गाडी बिचारी लोखंड.

दिवाळीला यायचं असेल तर ये. वहिनींना जरूर आण. दार हेच उघडतील, कुबड्यांवर. तेव्हा तू खाली बघ. छताकडं, माझ्याकडं, बाळाकडं बघू नकोस, पायाकडं बघ. मग तुला जे सुचेल ते यांच्याशी बोल. हे तुला क्षमा करतील. अर्ध्या मिनिटात करतील, तो यांचा स्वभाव आहे.

मी तुला पाटावर बसवीन, ओवाळीन, पोटभर वाढीन. बोलेन की नाही, ते आज लिहून देत नाही.

तुझी सख्खी बहीण,
मालती