दुसरं शील

प्रिय ललिता,

रविवारी सकाळी पौर्णिमा आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या कपाटातला स्टीलचा डबा बाहेर काढला. तुझं नाव कोरलेला, तू तिला चिवडा भरून दिलेला, तोच. चिवडा केव्हाच संपला, आता त्यात ती महत्त्वाचे कागद ठेवते. झाकण घट्ट बसलं होतं. आवाज होऊ नये म्हणून डबा पोटाशी धरून उघडला. पासपोर्ट वरच होता. तू प्रवासासाठी बंडीला आतून शिवून दिलेल्या चोरखिशात तो घातला, डबा जागेवर ठेवला आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. न्हाणीतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. लहानपणी करायची तसंच. ज्या कामासाठी तू आणि तुझ्या भावाने, कपिलने, मला समुद्रापार धाडलं, ते चहाच्या आधीच उरकलं होतं.

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली आणि तुला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. जोहान्सबर्गच्या विमानतळावर बसून लिहितो आहे, विमानाला वेळ आहे. फोनवर हे बोलता आलं नसतं. फोन लावला की कपिल शेजारी असतो, स्पीकर चालू असतो, आणि माझ्या पहिल्याच वाक्याला तू रडायला लागतेस. मग मी फोन ठेवतो. कागद मधेच तोडत नाही.

बेत तुला ठाऊक आहे, कारण तो आपल्याच पडवीत ठरला. सोमवारी पौर्णिमाला या देशात राहण्याचा परवाना वाढवायचे कागद शहरातल्या कचेरीत द्यायचे होते आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय ते घेत नाहीत. तारीख चुकली की परवाना संपणार आणि तिला घरी यावंच लागणार. कपिल म्हणाला होता, "दाजी, पोरीला हाताला धरून आणायची गरज नाय. तुमी फकस्त पासपोर्ट आणा, पोरगी आपसूक मागं येल." मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "मला लेक जित्ती पायजे, अवो. जलमभर रागावली तरी चालंल." मी हो म्हणालो. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मार्चमध्ये, अभयारण्यात ती काम करते त्या कॅम्पवरचा एक जण हत्तीच्या पायाखाली गेला, तेव्हापासून तू फोन वाजला की आधी भिंतीला हात टेकतेस आणि मग उचलतेस, हे मी रोज बघत होतो.

आंघोळ करून ती ओल्या केसांनी आली. फ्रिजवर तिने बुद्धांची लहान मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला आहे. तिथे उदबत्ती लावून ती म्हणाली, "बाबा, घ्या वंदना." घरच्यासारखंच, मी पुढे म्हणायचं आणि तिने मागून. पहिलं शील झालं. दुसऱ्याला तोंड उघडलं तर शब्दच फुटेना. जे कुणी दिलेलं नाही ते मी घेणार नाही. हे मी वयाच्या पाचव्या वर्षापासून म्हणत आलो आहे. पासपोर्ट छातीला टोचत होता. मी खोकलो आणि सरळ तिसऱ्यावर गेलो. तिचा आवाज क्षणभर अडला, मग तीही तिसरं म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

त्या दिवशी ती मला अभयारण्य आणि तिथली जुनी टेकडी दाखवणार होती. कॅम्पची जीप उघडी आहे, वर टप नाही, बाजूला काच नाही. ललिता, हा मुलूख कोरडा आहे गं. आपल्याकडे हळव्या भाताला लोंब्या आल्या असतील, आणि इथे लाल माती, खडक, आणि गोरखचिंचेची एवढाली झाडं, की चार माणसांनी कवळ घालावी तरी पुरू नये. जिराफ झाडामागून डोकं काढून बघत होते, जसे आपल्या आळीतले लोक नवीन गाडी आली की बघतात. मी हसलो, पण हसणं पोटापर्यंत गेलं नाही. पुढे ती मला एका कड्यावर घेऊन गेली. खाली दोन नद्या मिळतात. आम्ही उभे होतो तो एक देश, डाव्या हाताला दुसरा, समोर तिसरा. पाणी नावालाच, सगळी वाळू. त्या वाळूतून हत्तींचा कळप रांगेने पलीकडे चालला होता. दुर्बीण डोळ्याला लावूनच ती म्हणाली, "बघा बाबा, सकाळी एका देशात, दुपारी दुसऱ्या. यांना कुणी पासपोर्ट विचारत नाही." मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. काहीच कळलं नाही. घामाने पासपोर्टचं कव्हर अंगाला चिकटलं होतं.

टेकडीवर न्यायला माशुडू नावाचा तिथलाच माणूस होता, माझ्याच वयाचा, खांद्याला बंदूक. तो इंग्रजीत बोलायचा आणि पौर्णिमा मला मराठीत सांगायची. टेकडीचं नाव मापुंगुब्वे. आठशे वर्षांपूर्वी तिच्या माथ्यावर राजा राहायचा आणि पायथ्याला रयत. मी विचारलं, वर जायची वाट कुठली, आणि बोट दाखवायला हात उचलला. माशुडूने हसून माझा हात खाली केला. जुनी माणसं या टेकडीकडे बोटसुद्धा दाखवत नसत, तिच्याकडे पाठ करून उभी राहत, म्हणाला. आपण कोवळ्या काकडीला, ती कुजेल म्हणून, बोट दाखवत नाही, तसं. मी बोट वाकडं करून दाखवलं, आपल्या रीतीने, तेव्हा तो पोट धरून हसला आणि त्यानेही वाकडं केलं.

वर सपाट खडक आहे. खडकात ओळीने खळगे कोरलेले, खडे टाकून खेळायचे. वारा कोंडाण्याच्या लेण्यांपाशी असतो तसाच, कातळावरून तापून येणारा. खाली संग्रहालयात मी काचेचे बारीक मणी बघितले होते. ते आपल्या बाजूच्या समुद्रावरून इथे आलेले. एवढ्या लांब कोण घेऊन गेलं असेल आणि त्याच्या आईने त्याला काय सांगून पाठवलं असेल, असं मनात आलं.

मग माशुडूने कबरींची जागा दाखवली. शिकल्या-सवरल्या लोकांनी इथे उकरलं, सोनं नेलं, मणी नेले आणि हाडंसुद्धा नेली. माणसांची हाडं खोक्यांत भरून शहरात. सत्तरएक वर्षांनी इथल्या लोकांनी मागून मागून ती परत आणली आणि विधी करून पुरली. मी हात जोडले. तो म्हणाला, "नेणाऱ्याला नेहमी वाटतं, आपण जपूनच ठेवतोय." पौर्णिमाने हे मराठीत सांगितलं आणि त्याच सुरात विचारलं, "बाबा, सकाळी दुसरं शील का गाळलंत?" मी म्हणालो, "विसरलो." "तुम्ही? मामाचा एक शब्द चुकला तर सगळ्या विहाराला वंदना पहिल्यापासून म्हणायला लावणारे तुम्ही?" आणि ती हसली. तिथेच चोरखिशात हात घालायला हवा होता. नाही घातला. मला भिंतीला हात टेकून उभी असलेली तू दिसत होतीस.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघंच होतो. एका कोरड्या ओढ्यात जीप उतरली, पलीकडे चढली आणि वळणावर तो उभा होता. एकटा नर. कानशिलावरून काळा ओघळ गालापर्यंत आलेला. असा ओघळ म्हणजे हत्ती मस्तीत, समोर येईल त्याच्यावर धावून जाणारा, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मागे ओढ्याचा उभा काठ, तिथून झटकन मागे जाता येईना. पौर्णिमाने इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. तो चालत आला. कान पसरलेले, सोंड खाली, घाई नाही. ललिता, बुद्धांनी पिसाळलेल्या हत्तीला मैत्रीने शांत केल्याची गोष्ट मी विहारात मुलांना किती वेळा सांगितली असेल. त्या वेळी मैत्री कुठली आठवायला! माझा एक पाय जीपच्या बाहेर गेला होता. उतरून पळायचं, एवढंच डोक्यात होतं.

तिने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. डोळे हत्तीवरच. "हलायचं नाय, बाबा. पळायचं नाय. पाठ दाखवायची नाय." आणि मग त्या जनावराशी बोलायला लागली, हळू, मराठीत. "जा रं बाबा, तुझ्या वाटंनं. आमी आमच्या वाटंनं जातो. जा, जा रं." त्याचा सुळा माझ्या बाजूच्या पत्र्याला लागला. जीप हलली. त्याचा वास आला, ओल्या गोणपाटासारखा. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला वाटलं, बरं झालं पासपोर्ट घेतला. जगलो तर हिला इथे एक दिवस राहू देणार नाही. मग त्याने मान झटकली, वळला आणि झाडी मोडत निघून गेला.

तुझा आवाज होता गं तो. शब्दसुद्धा तुझे. पौर्णिमा दीड वर्षाची होती, कमरेवर होती तुझ्या, लेण्यांच्या वाटेवर तू करवंदांना गेली होतीस. वाटेत बिबट्या बसलेला. तू पळाली नाहीस. उभी राहिलीस आणि त्याला म्हणालीस, जा रं बाबा तुझ्या वाटंनं. घरी येऊन आधी भात टाकलास, मला वाढलंस, आणि मग ताट उचलताना तुझ्या हातातून ते पडलं तेव्हा कुठे सांगितलंस. पुढे पोरगी रानात जायला लागली तेव्हा तू तिला हेच शिकवलंस, हलायचं नाय, पाठ दाखवायची नाय. आळीतल्या बायका म्हणायच्या, "पोरीला पळायला शिकव, वाघाला तोंड द्यायला काय शिकवतेस?"

हत्ती गेल्यावर पौर्णिमाला किल्ली फिरवता येईना. मी म्हणालो, घाबरलीस? ती म्हणाली, "रोज घाबरते. आईला सांगा, मी घाबरते. मार्चमध्ये गेला तो घाबरत नव्हता. आणि घाबरला तेव्हा पाठ फिरवून पळाला." मग स्टीअरिंगवर डोकं टेकून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

खोलीवर आलो तेव्हा ऊन उतरत होतं. तिने चहा केला, माझ्यापुढे कप ठेवला. मग कपाटातून डबा काढला आणि कपाशेजारी ठेवला. उघडला नाही. म्हणाली, "उद्याचे कागद लावायचेत. जीपचा चिखल धुऊन येते, मग बसू." ओढा कोरडा होता, ललिता. जीपला चिखल कुठला? ती बाहेर गेली आणि पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज आला. तुझं नाव माझ्याकडे तोंड करून होतं. तिच्या नकळत पासपोर्ट डब्यात टाकता आला असता. झाकण लावलं की झालं, कुणी काही बोललं नसतं, तुलाही सांगता आलं असतं की संधीच मिळाली नाही. चहा निवला. मी उठून बाहेर गेलो आणि पासपोर्ट तिच्या ओल्या हातात दिला.

तिने तो ओढणीला पुसला. म्हणाली, "सकाळीच कळलं होतं. आईचं नाव मी नेहमी दाराकडे करून ठेवते. तुम्ही भिंतीकडे केलं होतंत." मी विचारलं, मग मागितला का नाहीस? "मागितला असता तर तुम्ही दिला असता. मग मला जन्मभर डब्याला कुलूप लावावं लागलं असतं." आणि मी दिलाच नसता तर? ती नळ बंद करून आली. "तर आले असते घरी. आईजवळ राहिले असते. पण तुमच्या मागून वंदना म्हटली नसती."

हे पत्र तू वाचशील तेव्हा मी मागच्या दारी ओट्यावर बसलेला असेन. दारात तू पाण्याचा तांब्या देण्याआधी विचारलं असशील, "आणलंत?" आणि मी हे पाकीट तुझ्या हातात ठेवलं असेल. बंडीचा खिसा चाचपू नकोस, पिशवी उलटी करू नकोस. पासपोर्ट मी आणलेला नाही. सोमवारी मी तिच्याबरोबर त्या कचेरीत गेलो आणि तिचे कागद आत जाऊन पावती हातात येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. उद्या तिला काही झालं तर तू मला विचारशील, हे समजून बसलो होतो. कपिलला काय सांगायचं ते मी सांगेन, तू त्यात पडू नकोस. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, जेवायला वाढू नकोस. रडायचं असेल तेव्हा मात्र ओट्यावर येऊन रड, एकटी आत नको. उद्या सकाळी वंदनेला बसावंसं वाटलं तर ये. मी पाचही शीलं म्हणणार आहे.

तुझाच,
मिलिंद