शिट्टीनंतरचे फटके

३ फेब्रु., कामथडी
परवा भोरला शूटिंग. सिनेमावाल्यांना मारझोड करणारी गर्दी हवीय, नेहमीसारखी मीच पुरवायची. टेम्पो सांगितला. विलासला, माझ्या धाकट्या भावाला, कापूरहोळच्या गॅरेजातून सुट्टी घ्यायला लावली. मार खायला धोंडबा. वेल्ह्याच्या वरच्या वाडीतला मेंढपाळ, माझ्या गर्दीत पहिल्यापासूनचा. त्याच्यासारखं पडायला कुणाला जमत नाही.

४ फेब्रु.
गोष्ट ऐकली. गावात आग लागते, खापर डोंगरातल्या माणसांवर, गाव त्यांच्यावर चालून जातं. गाव म्हणजे आम्हीच.
पहिल्यांदा गर्दी नेली तेव्हा आम्ही जमीनदाराचं दार फोडलं होतं. थेटरात लोक उभे राहून ओरडले. मग काही वर्षं सिनेमात नुसती लग्नं. फेटे बांधून, ताटं धरून हसत उभं राहायचं. वैताग यायचा, पण कुणाचं डोकं फुटत नव्हतं. आता पुन्हा काठ्या. तेव्हा दारामागं मालक असायचा, आता धोंडबा. लोकांना हेच बघायचंय म्हणून हे काढतात, की हे काढतात म्हणून लोकांना... जाऊ दे. विलासच्या मोबाईलवर तर दिवसभर हेच चालू असतं.

५ फेब्रु.
दोन टेक नीट झाले. आमची रीत जुनी. गोंगाटात 'कट' ऐकू येत नाही, म्हणून मी शिट्टी मारते. शिट्टी झाली की काठ्या खाली. काठ्या स्पंजच्या, वरून रंगवलेल्या. त्या लवतात म्हणून विलासनं घरची खरी आणली. मला सांगितलं नाही मेल्यानं.
तिसऱ्या टेकला शिट्टी मारली. थांबले नाहीत. पुन्हा मारली. विलासची काठी धोंडबाच्या कानावर बसली, तो आवाज खोटा नव्हता. धोंडबा माझ्याकडं बघून 'आक्का' म्हणून ओरडला. गोष्टीत आक्का कुणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लाथा चालूच. सगळी माझ्या ओळखीची माणसं. आत घुसून विलासच्या मुस्काटात दिली, तेव्हा कुठं हटले. लुगडं रक्तानं भरलं.

६ फेब्रु.
धोंडबाला टाके पडलेत. त्या कानानं ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडे दिवस बघू.
विलासला विचारलं, त्याच्याशी काही भांडण होतं का. कसलं भांडण! दरसाल धोंडबाची मेंढरं खतासाठी विलासच्याच रानात बसतात. विलास म्हणाला, "शिट्टी ऐकली म्या, आक्का. हात थांबंना. लई बरं वाटत हुतं."
पाठचा भाऊ आहे माझा. किळस आली.

८ फेब्रु.
शूटिंगवाल्यांचा माणूस आला. तिसरा टेक ठेवणार. एवढं खरं कधी मिळालं नव्हतं म्हणे. उद्या पुढचा भाग, डोंगरातली माणसं सूड घ्यायला खाली उतरतात. माणसं तीच पाहिजेत. मी म्हटलं, धोंडबाला विचारल्याशिवाय टेम्पो हलणार नाही.
गर्दीतल्यांचे फोन चालूच, टेम्पो किती वाजता. धोंडबा कसा आहे, एकानं विचारलं नाही.

८, संध्याकाळ
वेल्ह्याहून आले. धोंडबा ओट्यावर बसला होता. चांगला कान माझ्याकडं करून ऐकत होता. म्हटलं, शूटिंगवाल्यांना हाकलून देते, तू फक्त सांग.
"नका हाकलू. येतो की म्या," म्हणाला. "फकस्त माझ्यापुढं इलासला उभं करा."
काठी कुठली आणणार, मी विचारलं नाही. भिंतीला त्याची रोजची टेकवलेली होती, ताजं तेल लावलेली.
घरी येऊन विलासला सगळं सांगितलं, काठीचंही. म्हणाला, पडतो मी. जेवला, त्या दिवसापासून पहिल्यांदाच पोटभर जेवला.
टेम्पोला ये म्हणून कळवलं. शिट्टी रक्तानं चिकट झाली होती, धुऊन ठेवली. विलास पडल्यावर ती लगेच मारेन की नाही, माझं मलाच सांगता येत नाही.