नाक्यावरचं गवत

१९ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी दुकान उघडलं तर विनायकराव पाटील आधीच बाकड्यावर येऊन बसलेले. हातात नकाशाची गुंडाळी. रस्त्यापलीकडच्या जंगल खात्याच्या जुन्या नाक्याचं स्मारक होणार म्हणे. दगडी खोली, ओटा, मोहाचं झाड, सारं आवार त्यात. मधात त्यांच्या आजोबाचा पुतळा. इंग्रजाच्या काळात सरकारी रानातलं गवत कापलं म्हणून आजोबाले याच खोलीत कोंडलं होतं. चहूबाजूनं लोखंडी कुंपण, वर भाल्यासारखी टोकं.
"सलीम, कुंपण तूच कर. गावचं काम गावात."
भल्ला खूश झालो. आपल्या वेल्डिंगच्या दुकानाले एवढं काम कधी भेटलं नाही.
जेवताना बायकोले, नूरजहाँले सांगितलं. ती ताटात पाहतच म्हणाली, "फिर मंगल के रोज भीमाबाई लोग कहाँ बैठेंगे?"
डोक्यातच आलं नव्हतं. दर मंगळवारच्या बाजारात पोडावरच्या, म्हणजे रानाकडच्या वस्तीवरच्या, कोलाम बाया टोपल्या-सुपं घेऊन त्याच मोहाखाली बसतात. अम्मी होती तवा तीही त्यांच्याच बाजूले बांगड्या मांडून बसायची.

२१ सप्टें., शनि.
सरपंच वैशालीताईकडे गेलतो. त्या म्हणे स्मारक समितीत मोठे मोठे लोक आहेत, मी एकटी काय करू. मग हळूच, "मलेही बरं नाही वाटून राह्यलं, सलीमभाऊ." चहा पाजला. बस, एवढंच.
नकाशा पुन्हा पाहिला. लॉन आहे, कारंजं आहे, सेल्फी पॉइंट आहे. टोपली ठेवाले जागा नाही.

२४ सप्टें., मंगळवार, बाजार
समितीनं नाक्यापुढं पाटी ठोकली. 'जागा स्मारकाकरिता राखीव. आत बसण्यास व गवत कापण्यास सक्त मनाई.' पाटीची फ्रेम माह्याच दुकानातली.
बाया नालीच्या कडेनं बसल्या. दुपारी टेम्पोवाला रिव्हर्स घेता घेता दोन सुपं चिरडून गेला. भीमाबाई टेकामनं ती उचलली, झटकली, अन् माह्याकडे आली.
"काय लिवलं हो सलीमभाऊ तिथी?"
वाचून दाखवलं. 'गवत कापण्यास मनाई' आलं तशी ती थबकली. म्हणे, "अजूनबी?"
अन् मग हासत सुटली. पदर तोंडाले लावला तरी थांबेना. बाकीच्या बायाइले त्यांच्या बोलीत सांगितलं, त्याही हासल्या. मले हासू येईना.
मग म्हणे, "पाटलाचा आजा कापत होता तवा माहा आजा बाजूलेच होता नं. आमचं सारं पोड होतं. धरून आनलं तेबी संग." तिच्या आज्याचं नाव सोमा. नकाशात सोमा कुठी नाही.

२६ सप्टें.
विनायकरावच्या घरी जाऊन सांगून आलो, कुंपण बनवत नाही.
चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "शाळेत जाऊन विचार, माझ्या आजोबाचं नाव एका तरी पोट्ट्याले माहीत आहे का. माझ्यामागं तर कोणीच नाही घेणार ते नाव. मी वाईट काय करून राह्यलो?"
खोटं नाही बोलला माणूस.
मी म्हटलं, पुतळा करा, पण आवार बंद नका करू. तर म्हणे मारेगावात वेल्डर भेटते. मग आत निघून गेले. माह्या दुकानात दुरुस्तीले टाकलेली त्यांची ट्रॅक्टरची ट्रॉली पुतण्यानं आजच उचलून नेली. काम अर्धंच झालतं.
नूरजहाँ म्हणे, जाने दो.

२९ सप्टें., रवि.
आम्ही दोघं पोडावर गेलतो. भीमाबाईच्या अंगणात बाया बसलेल्या, बांबू सोलून राह्यल्या होत्या. मी म्हटलं अर्ज करू, यवतमाळले कलेक्टरकडे जाऊ, मी लिहून देतो. ऐकून घेतलं सर्वाइनं. अन् बांबू सोलत राह्यल्या. निघताना भीमाबाई एवढंच म्हणे, "मंगळवारी दुकान लवकर उघडजा."

१ ऑक्टोबर, मंगळवार
आज काय पाहिलं!
शटर वर केलं तर नाक्याच्या आवारात बायाच बाया. प्रत्येकीच्या हातात इळा. गवत मांडीइतकं झालेलं. भीमाबाई पहिल्या रांगेत, ओणवी, सपसप कापत चाललेली. पाटीच्या बुडाचं तर पहिलेच साफ केलं. टोपल्या कडेला रचून ठेवलेल्या, म्हणजे बाजारही होणारच होता.
पोलिसाले फोन कोणी केला माहीत नाही. जमादार फटफटीवर आले. उभे राहून पाहत होते. तोवर वैशालीताई आल्या, अर्धा बाजार जमला.
जमादार म्हणे, "गवत कोणाचं?"
ताई म्हणे, "जागा ग्रामपंचायतीची, म्हणजे गवतही ग्रामपंचायतीचं."
"मग तक्रार तुम्ही देता?"
"मी? मी घरून इळा आणाले चालली, जमादार."
अन् खरंच गेल्या! इळा घेऊन परत आल्या, पदर खोचला. मग काय, भाजीवाल्या बाया घुसल्या, कापूस वेचाले निघालेल्या घुसल्या, नूरजहाँ माह्या दुकानातली कानशीनं घासलेली लोखंडी पट्टी घेऊन घुसली. तिले म्हटलं याच्यानं गवत कटत नाही. म्हणे, देखो तो.
विनायकराव गाडीतून उतरले. भीमाबाईनं कंबर सरळ केली, कापलेल्या गवताचा भारा त्यांच्यापुढं ठेवला. "पाटील, तुमच्या गाईले न्या. आमचं कापून झालं."
विनायकरावनं भाऱ्याले हात नाही लावला. मग गाडीत बसून गेले. भारा तिथीच.
बाया मोहाखाली बसल्या. संध्याकाळलोक एक टोपली उरली नाही.

२ ऑक्टो., बुध.
ग्रामसभा. शाळेचं पटांगण कमी पडलं. पोडावरून सारे आले, म्हातारेही.
विनायकराव चांगलं बोलले. आजोबा कोण होते, काय सोसलं, गाव कसं विसरलं. बोलता बोलता डोळे पुसले.
मग भीमाबाई उठली. माईक नको म्हणे. "पुतळा करा बाप्पा, आमी नाही म्हनत नाही. पन तो एकटाच कायले उभा करता? एवढं रान एकटा मानूस कापते का?"
आधी हासं पिकलं, मग टाळ्या. विनायकरावच्या बाजूचे लोकही वाजवत होते, मी पाहिलं.
ठराव: आवार उघडं राहील, कुंपण नाही. मंगळवारी बाया मोहाखालीच बसतील, त्याइच्यासाठी टिनाचं शेड. दगडी खोली दुरुस्त करायची. स्मारक ज्याइनं ज्याइनं गवत कापलं त्या सर्वांचं. पुतळ्याचं नंतर पाहू. हात वर करा म्हटलं तर मोजायची गरजच पडली नाही.
घरी येतानी नूरजहाँ गाणं गुणगुणत होती. अम्मी आठवली.

७ ऑक्टो.
पाटी काढली. ग्रा.पं.नं मलेच सांगितलं. ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, बायाइनं टाळ्या वाजवल्या. असं काम असावं माणसाले.
विनायकराव दिसले नाहीत. घराबाहेरच निघत नाहीत म्हणे. ते मात्र खुपते.

१८ ऑक्टो.
आज आले! फटफटीवर, एकटेच. बाकड्यावर बसले. मग म्हणे, "माझ्या आजोबासंग कोण कोण होतं, मले एकही नाव येत नाही. बापानं कधी सांगितलंच नाही. पोडावर येशील का माझ्यासंग?"
दुकान बंद केलं अन् गेलो. भीमाबाईनं खाट टाकली. पाटील आधी उभेच. ती म्हणे, "बसा नं, खाट मोडत नाही." बसले. काळा चहा प्याले. सोमा टेकाम हे पहिलं नाव. तिच्या चुलत्यानं अजून सांगितली.
परत येतानी विनायकराव म्हणाले, "त्या दिवशी तो भारा भीमाबाईच घरी आणून टाकून गेली होती का रे?" मी म्हटलं, हो, बाजार उठल्यावर. म्हणे, "गाईनं खाल्लं ते." अन् हासले.

१९ नोव्हें., मंगळवार
शेड उभं झालं. खांब माह्याच हातचे. आज बाया पहिल्यांदा त्याच्याखाली बसल्या. मारेगावचा व्यापारी सुपं एकगठ्ठा मागत होता, भीमाबाईनं दिली नाहीत. बाजारात सर्वाले पाहिजेत म्हणे.
विनायकराव नावं विचारत अजूनही पोडं फिरून राह्यले. कधी मी संग, कधी एकटेच. पुतळ्याची फाईल यवतमाळले आहेच, मागं घेतली नाही त्याइनं. विचारलं तर म्हणे, पाहू.

३ डिसें., मंगळवार
मोहापुढं शिळा उभी केली. वर विनायकरावचे आजोबा, खाली सोमा टेकाम, मग बाकीचे. यावरून आठ दिवस भांडण झालं होतं. भीमाबाईचं म्हणणं सोमा वर. अजून मिटलं नाही, फक्त कोरून झालं.
आज नवंच निघालं. दूरच्या पोडावरचा एक म्हातारा नातवाच्या गाडीवर बसून आला. म्हणे, बायाही होत्या गवत कापाले, त्या कुठी आहेत? त्याची आजी होती म्हणे, लच्चूबाई. तर इकडून भीमाबाईचा चुलता, "लच्चूबाई नाही, ते लिंगूबाई!" दोघं काठ्या आपटत भांडाले लागले. एक म्हणे माही आजी मले माहीत, दुसरा म्हणे माह्या घरी जेवत होती ते. बाजार थांबला, सारे ऐकत होते.
वैशालीताई म्हणे ठरवून सांगा, मग कोरू.
विनायकरावनं शाळेतून खडू मागवला. शिळेपुढं उकिडवे बसले अन् लच्चूबाई, लिंगूबाई, दोन्ही नावं लिहिली. भीमाबाई मागून वाकून म्हणे, "पाटील, अजून सरका खाली. बाया लय होत्या."