एकशे दहा व्होल्टचा आवाज

प्रिय सूनबाई,

हा तिसरा कागद. आधीचे दोन फाडले. सकाळपासून चारदा उठून खिडकी उघडली, चारदा लावली. माझं अक्षर बघून पाकीट तसंच बाजूला टाकलंस तर तो तुझा हक्क. पण फोडलंसच, तर शेवटपर्यंत वाच.

तुझ्या बाळंतपणासाठी तिकडे आलेली ही परत आलीच नाही. तिकडेच गेली. आलं ते तिचं सामान. त्यात तुमचा तो रिळांचा टेपरेकॉर्डर आणि तिने माझ्यासाठी बोलून भरलेली तीन रिळं. यंत्र तिकडचं, एकशे दहा व्होल्टचं. इथल्या दोनशे तीसवर थेट लावलं असतं तर धूरच निघाला असता. म्हणून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. पहिला स्वस्तातला, आवाजात सारखी भुणभुण. मग चांगला दुप्पट ताकदीचा आणला, यंत्रापासून हातभर लांब ठेवला. भुणभुण गेली, आवाज स्वच्छ झाला. स्वच्छ झाला म्हणजे खरा झाला, असं मी धरून चाललो.

आणि काय ऐकलं? जड, ओढलेला आवाज. एकेक शब्द ओझं उचलल्यासारखा. मधेच धाप. 'सूनबाई मला कामाला हात लावू देत नाही हो,' असं ती म्हणत होती, पण अशा सुरात, की मला वाटलं, तू शेजारीच बसली असशील, म्हणून बोलते आहे बिचारी. त्याच तिरीमिरीत तुला फोन केला. काय बोललो ते पुन्हा लिहवत नाही. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, आई तशा नव्हत्या," आणि मी फोन आपटला. त्याला दोन वर्षं झाली. नातू चालायला लागल्याचं मला शेजाऱ्यांकडून कळलं.

गेल्या आठवड्यात यंत्राचा पट्टा तुटला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. पट्टा घालून त्याने रीळ लावलं आणि मान वर करून विचारलं, "काका, बाई इतक्या हळू बोलायच्या का?" मी म्हटलं, थकली होती. तो म्हणाला, "त्या नाही, मोटर थकलीय." तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हेलकावे बदलत नाही. आणि ही मोटर त्यांच्याच तालावर फिरते. सहा मिनिटांचं बोलणं मी सव्वासात मिनिटं ऐकत होतो. जन्मभर वीज खात्यात मीटर वाचले मी, प्रत्येक मीटरवर तो पन्नासचा आकडा छापलेला असतो!

त्याने मोटरवरची कप्पी जराशी मोठी घडवून बसवली. काल तिथेच पुन्हा रीळ लावलं. अगं, ती हसत होती! ज्याला मी धाप समजलो ते तिचं हसू होतं. तीच तुरुतुरु बोलणारी, अर्धं वाक्य गिळणारी. मागे तूही खिदळत होतीस. दुकानातल्या स्टुलावर मला बसवेना.

चिरंजीवाला फोन करणं सोपं होतं, पण आरोप मी तुझ्यावर केला होता. सूनबाई, मी चुकलो. तू तिला सुखात ठेवलं होतंस. माफ कर म्हणण्याइतकं तोंड नाही मला. पण उरलेली दोन रिळं दुरुस्तीनंतर अजून लावलेली नाहीत. हे तुला सांगितल्याशिवाय तिचं हसू ऐकायचा धीर होईना.

तुझाच,
बाबा