शेजारच्या चिमणीचा धूर

अण्णा, तुम्हाला कोळशाविषयी लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. नात झाली, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आम्ही डार्मश्टाटमधलं भाड्याचं घर सोडून बाहेरच्या एका गावात राहायला आलो. त्यातल्या कशासाठीही मी कागद घेऊन बसले नाही. बसले ती शेजारच्या घराच्या चिमणीमुळे. तुम्ही असता तर हसून म्हणाला असता, बरोबर आहे, आम्हाला दुसरं काय कळतं.

आमचं गाव शहरापासून पाऊण तासावर आहे, आधी ट्रॅम आणि मग बस. गल्लीत बारा-तेरा घरं, सगळी गॅसवर नाहीतर विजेवर तापणारी. कोळसा जाळणारं घर आता इथे शोधूनही सापडत नाही, आणि आमच्या नशिबी ते नेमकं भिंतीला भिंत लावून आलं. तिथे एक ऐंशी पार केलेले आजोबा एकटेच राहतात. त्यांच्या तळघरात जुनी भट्टी आहे. ती पाणी तापवते आणि ते पाणी नळ्यांतून घरभर फिरतं. गेल्या नोव्हेंबरात थंडी सुरू झाली आणि त्यांच्या चिमणीतून पिवळट, जाड धूर निघायला लागला. तो वर जायचाच नाही. छपरावरून घसरून आमच्या अंगणात उतरायचा आणि लेकीच्या खोलीच्या खिडकीशी बसून राहायचा. ती नऊ वर्षांची आहे. तिला खोकला लागला. मी मराठीत विचारायची, बाळा, छातीत दुखतंय का, आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, की आई, मला झोपू दे.

मी काय केलं असेल? फोनवर धुराचे फोटो काढले आणि ऑर्डनुंग्सआम्टला, म्हणजे इथल्या शिस्तीच्या सरकारी कचेरीला, तक्रार लिहिली. प्रत्येक वाक्य दोनदा तपासलं. माझं इतकं शुद्ध जर्मन माझ्या नोकरीच्या अर्जातही नव्हतं. नवरा म्हणत होता, "अगं, भिंतीला भिंत आहे. आधी बेल तर वाजव." मी त्याला ऐकवलं, की इथे असं नसतं, इथे लिहून द्यायचं असतं. एकोणीस वर्षं राहून मला इथल्या माणसांपेक्षा इथली रीत जास्त कळायला लागली होती. प्रत्यक्षात या गल्लीतल्या बायका कुणाच्याही कुंपणावर रेलून तासभर बोलतात. लिहून द्यायला फक्त मीच निघाले होते. पत्र पाठवलं आणि मोकळी झाले.

हा 'मोकळी झाले' शब्द तुम्हाला आवडायचा नाही. मी दहा वर्षांची आहे, आई विहिरीवर गेली आहे आणि शेगडीकडे बघायला मला बसवलं आहे. बाहेर मुली लगोरी खेळताहेत. मी घमेल्यातला सगळा कोळसा एकदम शेगडीवर ओतते, खालची झडप लावते आणि पळते. परत येते तेव्हा स्वयंपाकघरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, आई पदर तोंडाला लावून खोकते आहे आणि तुम्ही नुकतेच कामावरून येऊन दारात उभे आहात. मला वाटलं आता पाठीत बसणार. तुम्ही हात उगारला नाही. वरचा कोळसा चिमट्याने उचलून बाजूला काढलात, निखारे मागे सारलेत, पुढच्या मोकळ्या जागेत चार खडे ठेवलेत आणि झडप उघडलीत. मग म्हणालात, "एकदाच घालून मोकळं व्हायचं नसतं, बाई. आगीपाशी बसावं लागतं." आणि कोळसा लाल होईपर्यंत मला तिथेच बसवून ठेवलंत. बाहेरची लगोरी संपली. मला तुमचा इतका राग आला होता की मी त्या दिवशी जेवले नाही.

तुम्ही गावच्या मोठ्या दवाखान्याच्या बॉयलरवर होता. त्या वाफेवर तिथली धुलाई चालायची, स्वयंपाक व्हायचा, ऑपरेशनची भांडी उकळायची. बाकीचे फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे, आगीकडे बघायचे, तुम्ही सारखे बाहेर येऊन चिमणीच्या टोकाकडे बघायचा. धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणायचा. नवा कोळसा थोडा घ्यायचा, निखाऱ्यांच्या पुढ्यात ठेवायचा, म्हणजे त्यातून निघणारा धूर निखाऱ्यांवरून जातो आणि जाता जाता जळतो. तोवर वरून थोडी हवा द्यायची. हे सगळं मी ऐकत मोठी झाले, जसं बाकीच्या मुली रामरक्षा ऐकत मोठ्या झाल्या. तरी एकदा तुमच्याही चिमणीने काळा धूर ओकला. त्या दिवशी माझ्या शाळेत बक्षीस समारंभ होता. तुमची पाळी होती. तुम्ही भट्टी तोंडापर्यंत भरलीत, झडप लावलीत आणि सायकल मारत शाळेत आलात. तासाभरात दवाखान्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या धुतलेल्या चादरींवर काजळी बसली. मेट्रनबाईंनी विचारल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात की चूक माझी आहे. कुठे गेला होतात ते सांगितलं नाहीत. धोब्यांबरोबर उभं राहून सगळ्या चादरी पुन्हा धुतल्यात. हे मला पुष्कळ वर्षांनी तुमच्या एका सोबत्याकडून कळलं. घरीही बोलला नाहीत, कारण तुम्हाला वाटत होतं की मी तुम्हाला पाहिलंच नाही. अण्णा, मी पाहिलं होतं. तुम्ही मागे पाण्याच्या टाकीशी उभे होता, त्याच खाकी कपड्यांत. मी बक्षीस घेतलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघत खाली उतरले. मैत्रिणी शेजारी होत्या. आता त्या मुलीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण ती मीच आहे.

तर डिसेंबरात माझं एक पार्सल आलं. आम्ही कामावर असलो की पोस्टवाला शेजाऱ्याकडे ठेवतो आणि आपण चिठ्ठी बघून घेऊन यायचं, अशी इथे पद्धत आहे. चिठ्ठीवर त्या आजोबांचा घरक्रमांक होता. ती चिठ्ठी मी रात्रभर टेबलावर तशीच ठेवली. त्याआधीच्या आठवड्यात शोर्नष्टाइनफेगर, म्हणजे चिमण्या साफ करणारा आणि तपासणारा काळ्या कपड्यांतला माणूस, त्यांच्याकडे येऊन गेलेला मी खिडकीतून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेल वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं. खालून आवाज आला, की आत या, मला जिना चढायला वेळ लागतो. म्हणून मग मीच खाली उतरले.

तळघरात भट्टीसमोर ते लाकडी स्टुलावर बसले होते. भट्टीचं दार उघडं होतं. अण्णा, मला एका नजरेत कळलं. भट्टी तोंडापर्यंत भरलेली, हवेची झडप घट्ट लावलेली. काळ्या ढिगाखाली आग घुसमटत होती. वर्षानुवर्षं मला वाटत आलं होतं की असा धूर आळशी माणसाचा असतो. त्या क्षणी मला तुमची सायकल आठवली. जिथे बसायला हवं तिथे ज्याला बसता येत नाही, त्याचीच भट्टी अशी भरलेली असते. आजोबांना गुडघ्यांमुळे दिवसातून एकदाच जिना झेपत होता, म्हणून ते सकाळी खच्चून भरायचे आणि कोळसा संध्याकाळपर्यंत पुरावा म्हणून हवा बंद करायचे. भट्टी त्यांची बायको सांभाळायची. लग्न झाल्यापासून तिने त्यांना फावड्याला हात लावू दिला नव्हता. ती उन्हाळ्यात गेली. हा त्यांचा पहिला हिवाळा होता.

भिंतीवर एका खिळ्याला कचेरीचं पत्र अडकवलेलं होतं. त्यांनी ते मला वाचायला दिलं नाही, नुसतं सांगितलं. भट्टी जुनी असली तरी आणखी काही हिवाळे चालवायची परवानगी आहे, पण धूर असाच राहिला तर बंद करणार. फेब्रुवारीत तपासायला पुन्हा येणार. बंद केली तर नवी बसवण्याचा खटाटोप या वयात करणार नाही, म्हणाले. मुलगा झिंडेलफिंगेन नावाच्या शहरात असतो, त्याने एक खोली रिकामी करून ठेवली आहे, तिथे जायचं. हे त्यांनी शांतपणे सांगितलं आणि शेजारच्या फळीवरच्या बरण्यांवरची धूळ बोटाने पुसली. त्यांच्या बायकोने घातलेला आलुबुखाराचा मुरंबा होता तो. मी तिथे उभी होते आणि खिळ्यावरच्या त्या पत्राच्या मुळाशी माझी तक्रार होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी कोट काढला आणि म्हणाले, फावडं द्या.

ढीग बाजूला करून बादलीत काढला, निखारे मागे सारले, पुढे दोन फावडी कोळसा ठेवला, झडप उघडली, दारातली छोटी फट उघडी ठेवली. आधी धूर आला, मग निखाऱ्यांवरून जाताना तो पेटला आणि आतल्या ज्वाळा पिवळ्या झाल्या. आजोबा पुढे वाकून बघत होते. मी त्यांना जवळजवळ हाताला धरून बाहेर नेलं आणि म्हणाले, आगीकडे नाही, वर बघा. दहा मिनिटांनी चिमणीच्या टोकावर नुसती हवा थरथरत होती. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. तिच्या वेळी असंच दिसायचं." आणि मग त्यांचे डोळे भरून आले, माझेही.

त्यानंतर आम्ही वेळा वाटून घेतल्या. सकाळी कामावर जायच्या आधी मी, दुपारी एकदा ते स्वतः, शाळेतून आल्यावर लेक वरून त्यांना आठवण करून द्यायला आणि काम असेल तर घमेलं उचलायला, संध्याकाळी पुन्हा मी किंवा नवरा. लेक त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायला लागली. माझ्याशी मराठीत एक अक्षर न बोलणारी ही पोरगी त्यांना 'निखारा' शब्द शिकवून आली. मला ऑफिसात सहकारिणीने विचारलं की केसांना कसला वास येतो, आणि मी हसले. तुमच्या शर्टाला यायचा तोच वास होता. लहानपणी मी त्या शर्टाला नाक मुरडायचे, आता ट्रॅममध्ये बसून स्वतःची बाही हुंगत होते. तुमची इतकी आठवण मला तुम्ही गेलात त्या वर्षीही आली नव्हती. लेकीचा खोकलाही गेला. धूर कमी झाल्यामुळे गेला की आपोआप, कुणास ठाऊक, डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या की शाळेतल्या अर्ध्या मुलांना होता.

फेब्रुवारीत तो काळ्या कपड्यांतला माणूस आला. रस्त्यात उभा राहून त्याने आधी वर बघितलं, अगदी तुमच्यासारखं, मग खाली जाऊन यंत्र लावून मोजलं. भट्टी राहिली. आजोबा राहिले. त्या शनिवारी त्यांनी मला बोलावलं, कॉफी केली आणि त्या फळीवरची एक बरणी माझ्यापुढे ठेवली. माझ्याच्याने ती घेववेना. मी म्हणाले, ती तक्रार मी केली होती. मला वाटलं होतं, ते उठून दार दाखवतील आणि ते बरोबरच होईल.

ते म्हणाले, "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पत्रात लिहिलं होतं, शेजारच्या मुलाला खोकला. या गल्लीत मूल एकच आहे."

मी विचारलं, मग त्या दिवशी मला घरात का घेतलंत?

"तुमचं पार्सल माझ्याकडे होतं. ते द्यायलाच हवं होतं." कपातला चमचा त्यांनी दोनदा फिरवला. "आणि तुम्ही खाली आलात. ती गेल्यापासून खाली कुणी आलं नव्हतं."

मग त्यांनीच विषय बदलला. एवढं सगळं तुम्हाला कुणी शिकवलं, म्हणाले. मी म्हटलं, वडिलांनी. ते काय करायचे? आणि अण्णा, मी अडले. औषधांच्या कारखान्यात काम करते, गोळ्यांच्या यंत्रातल्या प्रत्येक भागाचं जर्मन नाव मला येतं, कराचे फॉर्म मी शेजारणींना भरून देते, पण हा शब्द येईना. मी हातवारे करत सांगायला लागले, की मोठा दवाखाना, मोठा बॉयलर, दिवसभर त्यात कोळसा. आजोबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आख, हाइत्सर." आणि मान अदबीने खाली घेतली, जशी ते पाद्रीबाबांसमोर घेतात.

मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तुमच्या तोंडावर हे मला सांगता आलं नसतं, आणि हा कागदही मी घडी करून ड्रॉवरमध्येच ठेवणार आहे. एकोणीस वर्षांत त्या शब्दावाचून माझं कधी अडलं नाही, कारण तुम्ही काय काम करायचा हे मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, वडील दवाखान्यात होते. समोरचा तुम्हाला डॉक्टर समजायचा, आणि मी समजू द्यायचे.